नाल्यापलीकडचे आकडे

जळगावच्या बाजारात अजूनही एखादा वयस्कर व्यापारी मला थांबवतो. "तुम्ही ते कॉम्प्युटरवाले भास्करभाऊ ना? आमच्या पेढीचा प्रिंटर तुम्हीच चालू करून दिला होता." मी हो म्हणतो. त्याला बरं वाटतं, मलाही वाटतं. मग तो विचारतो, "ते काम मध्येच का सोडलं?" मी सांगतो, "धुळ्याला गेलो, एका दवाखान्यात." "म्हणजे तिथले कॉम्प्युटर बघायला?" मी त्यालाही हो म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर हातात भाजीच्या पिशव्या धरून देण्यासारखं नाही.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मी दुरुस्तीच्या दिवसांबद्दलच लिहायचं ठरवलं होतं. त्यात गमती आहेत. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच वळतो. म्हणून गमती आधी सांगून घेतो.

मी सावद्याचा, घरची केळी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जळगावात एका दुकानात लागलो. दुकान कॉम्प्युटर विकायचं, आणि विकलेला कॉम्प्युटर चालू ठेवणं माझ्याकडे. भुसावळ, वरणगाव, चोपडा, धुळे, जिथे म्हणून मशीन गेलं होतं तिथे मी पिशवीत मल्टिमीटर, पेचकस, फ्लॉप्यांचा डबा आणि एक मऊ ब्रश घालून एस.टी.ने जायचो. त्या वेळी मशीनच्या पोटात फारसं काही मावत नसे. काळी चौकोनी फ्लॉपी फटीत सरकवायची, आतलं हेड ती वाचणार, मग पडद्यावर अक्षरं उमटणार. हेडवर धूळ बसली की मशीन आंधळं. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, त्यामुळे निम्मी दुरुस्ती म्हणजे साफसफाईच असायची.

एका डाळ मिलचे मालक दसऱ्याला कॉम्प्युटरची यथासांग पूजा करायचे. एका वर्षी दसऱ्यानंतर मशीन बंद पडलं. उघडून बघतो तर फ्लॉपीच्या फटीत अक्षता. मालक शेजारी उभे. "काढा, पण खाली पडू देऊ नका," एवढंच म्हणाले आणि स्वतःचा धुतलेला रुमाल मशीनखाली पसरून धरला. मी चिमट्याने एकेक दाणा काढून त्यांच्या रुमालावर ठेवत गेलो. शेवटचा दाणा निघाला, मशीन सुरू झालं, तेव्हा त्यांनी रुमाल कपाळाला लावला आणि मला म्हणाले, "आता चहा घेऊ."

सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याचं मशीन दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. भावकीतल्या कुणाची तरी नजर लागली असं त्यांच्या घरात ठरून गेलं होतं. मी मशीन उघडलंच नाही. दुपारभर नुसता बसून राहिलो. वीज आली, मागच्या विहिरीवरची मोटर धाडकन सुरू झाली, डोक्यावरचा दिवा मंद झाला आणि मशीन मेलं. वायर वेगळी ओढून स्टॅबिलायझर बसवला, संपलं. तेव्हापासून ते दर वर्षी आमच्या घरी केळीचा घड पाठवायचे. आमच्या स्वतःच्या शेतात केळी उभी असायची, तरी नाना, म्हणजे माझे वडील, तो घड ओसरीत टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

त्या कामात एक सुख होतं, ते पुढे मला कधी मिळालं नाही. दुरुस्ती संपते. बिघडलेलं चालू होतं, दिवा लागतो, समोरचा माणूस सुटकेचा श्वास सोडतो, आणि आपण पिशवी उचलून एस.टी. पकडतो.

धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातून तक्रार आली ती नव्वदच्या आसपास. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांना कुणीतरी देणगीत कॉम्प्युटर दिला होता. तिथल्या मुख्य डॉक्टरला सगळे बाई म्हणत. केस पांढरे व्हायला लागलेले, आवाज हळू, पायात कायम कॅनव्हासचे बूट. त्या म्हणाल्या, "मशीन चालतंय, पण खोटं बोलतंय."

दवाखान्याच्या कार्यकर्त्या शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांमध्ये घरोघर जाऊन लहान मुलांची वजनं घेत होत्या. ती माहिती मशीनमध्ये भरली, तर मुलांचं सरासरी वय इतकं मोठं येत होतं की ती मुलं शाळेत असायला हवी होती. मी मेमरी तपासली, हेड साफ केलं, दुसऱ्या फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चालवला. उत्तर तेच. मशीनमध्ये काहीच दोष नव्हता. ज्या मशीनमध्ये दोष नाही ते दुरुस्त कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खोलीच्या कोपऱ्यात एक गृहस्थ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. ते भामरे सर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बाईंच्या मदतीला येऊन बसायचे. ते म्हणाले, "ज्या मुलांचं वय आईला सांगता आलं नाही, त्यांच्यापुढे यांनी काय लिहिलंय बघा."

मी बघितलं. नव्व्याण्णव लिहिलं होतं.

"माहीत नाही असं सांगायला यांनी नव्व्याण्णव घातलं. मशीनला कुठे कळतं? त्याने ते मूल नव्व्याण्णव महिन्यांचं धरलं." सर हसायला लागले. "मशीन खोटं बोलत नाही, भास्कर. आपण त्याला खोटं सांगितलं."

मी पुष्कळ प्रकारचे बिघाड पाहिले होते. हा बिघाड तारेत नव्हता, धुळीत नव्हता, कशातच नव्हता, आणि तरी होता. परतीच्या एस.टी.त पारोळा येऊन गेलं तरी माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं.

मग मी रविवारी धुळ्याला जायला लागलो. सर घरी शिकवायचे. माझं गणित डिप्लोम्यापुरतं होतं, म्हणून त्यांनी माझ्या ओळखीच्या वस्तू धरल्या. "तुमच्या बागेत सरासरी घड केवढा भरतो?" मी सांगितलं. "बरोबर तेवढाच घड कधी कापलाय का?" मला आठवेना. "नसणारच. सरासरी बागेत कुठेच लटकत नसते. घड एकमेकांपासून किती वेगळे, हे ज्याला सांगता येतं त्यालाच बाग कळते." मग ते म्हणायचे, दोन बागांत फरक दिसला की लगेच खताला श्रेय देऊ नकोस. आधी विचार, की हा फरक नुसत्या योगायोगाने पडला असता का? संख्याशास्त्र म्हणजे मुख्यतः हा एक प्रश्न, चिकाटीने विचारलेला.

मला त्याचं वेड लागलं. बाहेर दुकानं, जाहिराती, भाषणं, सगळीकडे लोक सरसकट बोलत होते, आणि इथे एक म्हातारा माणूस मला बोलण्याआधी थांबायला शिकवत होता. बाईंनी विचारलं, इथेच येतोस का, पगार दुकानापेक्षा कमी आहे. मी हो म्हणून टाकलं.

नानांना सांगायला सावद्याला गेलो. ते केळीची पानं कापत होते. कोयता न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू आता मशीन नीट नाही करशीन?"

"नाही. माहिती मोजायची, त्यातून काय चुकतंय ते काढायचं."

"तू मोजशीन. मंग नीट कोन करीन?"

मी म्हणालो, ते डॉक्टर बघतील, सरकार बघेल. नानांनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेले. त्यांना पटलं नव्हतं, पण मोठ्या मुलाशी वाद घालायची त्यांची रीत नव्हती.

बाईंच्या मनात मोठं काम होतं. पायथ्याच्या पाड्यांवर लहान मुलं मरत होती हे त्यांना माहीत होतं. पण किती, कधी, कशाने, हे कुठेच नव्हतं. मूल जन्मलं आणि नाव ठेवण्याआधी गेलं, तर ते आल्याची नोंद नाही आणि गेल्याचीही नाही. म्हणून घरोघर जाऊन, प्रत्येक घराला क्रमांक देऊन, वर्षभर माहिती गोळा करायची असं ठरलं. कार्यकर्त्या तिथल्याच शिकलेल्या मुली. त्यांनी भरलेले कागद धुळ्याला यायचे. प्रत्येक कागद मशीनमध्ये आम्ही दोनदा भरायचो, एकदा मी आणि एकदा दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे बोटाची चूक पकडली जाईल. मी प्रोग्रॅम लिहिला. मृत्यूची तारीख जन्माच्या आधीची असेल तर तो थांबायचा. अशा चुका सापडल्या की मला जुन्या कामातलं सुख परत मिळाल्यासारखं वाटायचं.

बाई एक दिवस म्हणाल्या, "ज्यांचे आकडे भरतोस त्यांची घरं बघून ये."

जीपने निघालो. सोनगीरला चहा, मग शिरपूर, मग रस्ता संपला. पुढे एक नाला, उन्हाळ्यात कोरडा, मोठमोठे गोटे पडलेले. अलीकडे काही पाडे, पलीकडे काही. आम्ही पलीकडे चालत गेलो. मी कार्यकर्तीबरोबर घरोघर फिरलो. एका घरी गुलीबाई नावाची बाई कुडाला पाठ टेकून बसली होती, मांडीवर वर्षाच्या आतली मुलगी. मुलीने माझ्या हातातला पेन धरला तो सोडेना. पाड्यावर भाषा वेगळी, पण आमच्याशी गुलीबाई अहिराणीत बोलली. कागद बघून तिने विचारलं, "लिखीसन काय व्हई?"

मी म्हणालो, "कुठे काय कमी आहे ते कळेल. मग औषध येईल."

"मांगे बी लिखी गयात," ती म्हणाली. आधीही कुणीतरी लिहून गेलं होतं. तिने तक्रार म्हणून ते सांगितलं नाही. मुलीच्या मुठीतून पेन सोडवून तिने मला परत दिला आणि वजनाच्या झोळीत मुलीला स्वतः ठेवलं. मुलगी रडली नाही. काट्याकडे टक लावून बघत राहिली.

वर्ष संपलं. कागद भरून झाले. मी तक्ते काढायला लागलो तेव्हा जे दिसलं ते इतकं स्पष्ट होतं की मला आधी प्रोग्रॅमचीच शंका आली. मी सगळं पुन्हा तपासलं. मुलं बहुतेक पावसाळ्यात मरत होती. बहुतेक न्यूमोनियाने, म्हणजे ज्याला वेळेवर गोळ्या मिळाल्या तर मूल वाचतं त्या आजाराने. आणि नाल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाड्यांत एवढा फरक होता, की योगायोगाचा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती. तरी सरांनी विचारायला लावला. योगायोग नव्हता. पावसात नाला भरला की पलीकडच्या आईला मूल घेऊन इकडे येता येत नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती.

उपायही तेवढाच साधा. पलीकडच्या प्रत्येक पाड्यावर एका बाईला शिकवायचं, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला, आणि पाऊस सुरू होण्याआधी तिच्याकडे औषधाचा डबा ठेवायचा. पण डॉक्टर नसलेल्या माणसाने अशी औषधं द्यायची तर वरून परवानगी हवी. आमच्या दवाखान्याच्या विश्वस्तांनी सांगून टाकलं, परवानगीशिवाय एकही गोळी द्यायची नाही.

अहवाल घेऊन आम्ही तिघं एका साहेबांकडे गेलो. खातं सांगत नाही, माणूसही आता नाही. साहेबांनी अहवाल खरोखर वाचला होता, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याचंच मला आधी फार बरं वाटलं.

"तुमचे आकडे आमच्याशी जुळत नाहीत," ते म्हणाले.

"जुळणार कसे?" भामरे सर म्हणाले. "तुमच्याकडे नोंदलेली मुलं आहेत. आमच्याकडे गेलेली."

साहेब रागावले नाहीत. "सर, मला मान्य आहे. पण एका वर्षाच्या आकड्यांवर मी वर काय सांगू? ते वर्षच वाईट असेल. साथ असेल. फेरतपासणी करा, अजून एक वर्ष. तेच आलं तर मला कुणी अडवणार नाही."

बाई म्हणाल्या, "फेरतपासणी करतो. पण औषधाचे डबे या पावसाळ्याआधी ठेवू द्या."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, डबे ठेवले तर पुढच्या वर्षीचे आकडे बदलतील. मग पहिले खरे होते की नव्हते, हे कसं ठरवणार? मोजणी चालू असताना मध्ये काही करायचं नाही, हे तुमचे सरच सांगतील."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. हेच त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवलं होतं. फळ्यावर लिहून, उदाहरणं देऊन शिकवलं होतं, मलाही शिकवलं होतं. ते म्हणाले, "शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण ही मुलं आहेत."

"म्हणूनच पक्कं हवं," साहेब म्हणाले, आणि तेही मनापासून म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही जीपजवळ उभे राहिलो. बाईंनी किल्ली काढली आणि म्हणाल्या, "नाला भरेपर्यंत मी पलीकडे जात राहीन." त्या गेल्याही. मृगानंतर काही दिवसांनी नाला भरला.

दुसऱ्या वर्षाचे कागद यायला लागले. फेरतपासणीत माझं काम होतं जुनं घर नव्याशी जोडणं. मशीन घराचा क्रमांक दाखवायचं, मागच्या वर्षीचं कुटुंब पडद्यावर यायचं, मी शेजारी या वर्षीचं भरायचो. मूल जिवंत असेल तर एक, नसेल तर दोन. एका सकाळी मी भरत होतो आणि गुलीबाईचं घर आलं. मला क्रमांक पाठ नव्हता, पण नावं बघून ओळखलं. कागदावर कार्यकर्तीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. महिना श्रावण. खोकला, धाप. दवाखान्यात नेलं का, नाही. कारण, पाणी.

मी दोन दाबला. पुढचं घर आलं. ते भरलं. त्यापुढचं भरलं. मला उठता आलं असतं, मी उठलो नाही. संध्याकाळी दवाखान्यातल्या एका मुलीने तेच कागद पुन्हा भरले. तिचंही दोन आलं आणि मशीनने चूक नाही असं दाखवलं.

तक्ते तयार झाले. इथे मला धंद्यातली एक गोष्ट वाचकांना समजावून सांगायची आहे, कारण ती समजल्याशिवाय मला काय झालं ते समजणार नाही. आकड्यांत नेहमी थोडी अनिश्चितता धरतात. इतकं असेल, थोडं इकडे, थोडं तिकडे. मोजायला जितक्या घटना, आमच्याकडे म्हणजे मृत्यू, जास्त, तितकी ही अनिश्चितता कमी होते. आमच्या पहिल्या वर्षीच्या तक्त्यात ती बरीच होती. दुसऱ्या वर्षी ती एकदम आक्रसली. आमची खात्री वाढली होती, आणि ती कशाने वाढली होती ते मी माझ्या बोटांनी भरलं होतं.

मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं आणि सवयीने म्हणाले, "छान आलंय." विद्यार्थ्याच्या वहीवर म्हणतात तसं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग परत घातलाच नाही. घरी जाताना चष्मा तिथेच राहिला, तो मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

त्यानंतर सर दवाखान्यात आले नाहीत. मी जायचो त्यांच्याकडे. ते रेडिओ ऐकत बसलेले असायचे, आकड्यांचा विषय काढला तर चहा ठेवायला उठायचे. एकदा मात्र म्हणाले, "तू परत जळगावला जा, भास्कर. प्रिंटर दुरुस्त कर. मी तुला उगाच इकडे ओढलं." मी म्हणालो, तुम्ही ओढलं नाही, मी आलो. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पुढे काही वर्षांनी ते वारले, तेव्हाही शेजारी रेडिओच चालू होता असं त्यांच्या सुनेने सांगितलं.

दुसरा अहवाल घेऊन मी एकटाच साहेबांकडे गेलो. त्यांची बदली झाली होती, खोलीत खोकी भरणं चाललं होतं. त्यांनी अहवाल हातात घेतला, उघडला नाही. "तुमचे पहिलेच आकडे मला पटले होते," ते म्हणाले.

मी विचारलं, "मग?"

"मला पटून उपयोग नव्हता. वर पटवायला दुसरे लागत होते. आता दुसरे आलेत, तर वर बसलेला माणूसच वेगळा आहे. त्यांना तिसरे लागतील." त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. मी त्यांच्यावर रागवायचं ठरवून गेलो होतो, ते मला जमलं नाही. ते थकलेले दिसत होते, आणि त्यांच्या घरीही लहान मुलं होती.

पुढे औषधाचे डबे गेले. खोटं सांगायचं नाही, गेले. आणखी काही पावसाळे होऊन गेल्यावर, दुसऱ्याच कुठल्या योजनेतून, काही पाड्यांवर. आमच्या अहवालामुळे गेले की नुसत्या योगायोगाने, हे मला सांगता येत नाही, आणि तेच तर सांगायला मी शिकलो होतो. त्या डब्यांनी किती मुलं वाचली हे कुणी मोजलं नाही. दवाखान्याची देणगी आटली होती. बाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. आमच्या फ्लॉप्या एका लोखंडी कपाटात राहिल्या, नंतर कधीतरी मी त्या वाचायचा प्रयत्न केला, त्यातलं काही उमटलं नाही.

आकड्यांचं काम मी सोडलं नाही. जळगावला परतलो, प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना तक्ते करून दिले, कापसाच्या चाचण्यांचे हिशेब केले, नव्या मशीनवर नवे प्रोग्रॅम शिकलो. लोक म्हणायचे, भास्करभाऊंचं काम चोख असतं. ते असायचं. चोख कामाने पोट भरलं, मुलगी शिकली. एवढंच.

आता एकच प्रसंग लिहितो. दुसरी मोजणी संपल्यावर बाईंनी हट्ट धरला, की ज्यांनी दोन वर्षं आपल्याला घरात घेतलं त्यांना निष्कर्ष सांगितला पाहिजे. त्यांनी स्वतः मोठ्या पांढऱ्या कागदावर चित्र काढलं. खाली बारा महिने, प्रत्येक महिन्यावर काळा उभा खांब. जितकी मुलं गेली तितका खांब उंच. उन्हाळ्याचे खांब ठेंगणे. आषाढापासून चढत जायचे, श्रावणाचा सगळ्यात उंच.

आम्ही पलीकडच्या पाड्यावर गेलो. पाणी ओसरलं होतं. मोहाच्या झाडाला दोरीने कागद बांधला. सगळ्या बाया जमल्या, थोडे पुरुष मागे उभे राहिले. सांगायचं काम माझं होतं. मी खांब समजावले, महिने समजावले, कार्यकर्ती त्यांच्या भाषेत सांगत गेली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आते पाऊसमा औषद भेटी का?" बाई म्हणाल्या, "मागितलंय."

मग गुलीबाई उठली. मी तिला लगेच ओळखलं. ती कागदाजवळ आली, खांब वरपासून खालपर्यंत बघितले आणि मला विचारलं, "यामा मनी पोर कोठे शे?"

मी बाईंकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या. खांबात तिची मुलगी वेगळी दिसत नाही, हे मला तिला सांगता आलं असतं. मी श्रावणाच्या खांबावर, मध्याच्या थोडं वर, बोट ठेवलं. "इथे."

तिने तिथे बघितलं. माझं बोट बाजूला झाल्यावर तिने आपलं बोट ठेवलं, आणि तसंच ठेवून मागे वळून नवऱ्याला हाक मारली. तो आला. तिने त्याला जागा दाखवली. दोघंही थोडा वेळ उभे राहिले आणि परत जाऊन बसले.

तेव्हा दुसरी एक बाई उठली. तिच्या मागे आणखी एक. मग सगळ्याच रांगेने यायला लागल्या. प्रत्येकीने महिना सांगितला, आणि मी प्रत्येकीला बोट ठेवून जागा दाखवत गेलो. खांब उंच होते, सगळ्यांना जागा पुरली.